फ्रिजकडची बाजू

डावं-उजवं न कळणाऱ्या माणसाने मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंवर पीएचडी करू नये, असा नियम विद्यापीठाच्या पुस्तकात कुठेच नव्हता. विद्यापीठ सरकारी आणि अवाढव्य. सायकल कुठे लावू नये यावर त्या पुस्तकात पानंच्या पानं होती, पण या मुद्द्यावर अवाक्षर नव्हतं. म्हणून डावरीला प्रवेश मिळाला.

डावरी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे, घरात पडलेलं. ती डावखुरी होती आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. पहिलीच्या बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, "ज्या हातात पेन्सिल आहे तो आपला उजवा हात." सगळ्या वर्गाने पेन्सिली उंच धरल्या. डावरीनेही धरली आणि आयुष्यभराचा धडा गिरवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं सगळं उलट गं बाई. तुला जो उजवा वाटतो ना, तो डावा." मुलगी आज्ञाधारक. तेव्हापासून कोणी डावं म्हटलं की ती आधी मनात उत्तर काढायची, मग ते उलटं करायची, आणि उलटं केलं की नाही याची खात्री वाटेना म्हणून आणखी एकदा उलटं करायची. एवढ्या कष्टानंतर उत्तर निम्म्या वेळा बरोबर यायचं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं, वर वेळ वाचला असता.

आणि तिचे बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातल्या अर्ध्या लोकांनी बाबांच्या शेजारी बसून पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. क्लच कसा सोडावा, चढावर गाडी कशी थोपवावी, यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. गालबोट एवढंच, की त्यांचा विद्यार्थी लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत हमखास नापास व्हायचा आणि दुसरीत हमखास पास. गावात याला 'सरांचा आशीर्वाद' म्हणत. बाबा म्हणत, परीक्षक खडूस आहे. परीक्षक बदलत गेले, खडूसपणा तेवढा टिकून राहिला. स्वतःच्या मुलीला मात्र त्यांनी आठवडाभरात गाडीतून खाली उतरवलं. "साधं डावं-उजवं कळत नाही," असं ते घरभर म्हणत हिंडले. पुढे ती मेंदूचा अभ्यास करायला निघाली तेव्हा म्हणाले, "जा. आधी स्वतःचा बघून घे."

नातेवाइकांनी तिला मेंदूची डॉक्टर ठरवून टाकलं. ती उंदरांच्या मेंदूवर काम करते हे आत्याला किती वेळा सांगितलं, पण आत्याच्या मते मेंदू तो मेंदू. एकदा तिने फोनवर विचारलं, "अगं, माझं एका बाजूने फार ठणकतं."

"कुठल्या बाजूने?"

"डाव्या."

यावर डावरी इतका वेळ गप्प राहिली, की आत्याला वाटलं आजार गंभीर आहे.

विषय तिने निवडला नव्हता, तो गळ्यात पडला. तिच्या गाईड मॅडम हुशार, भल्या आणि कायम कुठल्या तरी परिषदेहून परतत असलेल्या. त्यांचा आवडता शब्द 'इंटरेस्टिंग'. तो पटकन म्हटला तर काम चांगलं, आणि म्हणण्याआधी थांबल्या तर सगळं पुन्हा करायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी तिला बसवून सांगितलं, की उंदीर चक्रव्यूहातली वाट शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी धरून ठेवणारा भाग, कामाला लागतो. हा भाग दोन्ही बाजूंना असतो. मग जास्त राबते कोण, डावी बाजू की उजवी? "जमेल ना तुला हे?" मॅडमनी विचारलं. मॅडमसमोर नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. डावरी म्हणाली, "जमेल."

हात धरून काम शिकवलं पणजोबाने. पणजोबा म्हणजे लॅबमधला सगळ्यात जुना विद्यार्थी. तो इतका जुना होता, की लॅबने त्याचा निरोप समारंभ करून, केक खाऊन, भिंतीवर फोटो लावूनही बराच काळ लोटला होता आणि तो अजून तिथेच होता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं. पण कामात माणूस वाघ. उंदराचा मेंदू काढायचा, गोठवायचा, यंत्रावर त्याचे पातळ काप करायचे. ते काप बशीतल्या पाण्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तरंगतात. मग रंगाच्या बारीक ब्रशने एकेक उचलून काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. ज्या पेशी राबल्या त्या चमकतात. पण पाण्यातला काप कोलांटी मारतो, आणि एकदा उलटला की त्याची डावी कुठली आणि उजवी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून सगळ्याच लॅबमध्ये एक युक्ती करतात. काप करण्याआधीच मेंदूच्या डाव्या बाजूला, कडेच्या बिनकामाच्या भागात, सुईने आरपार भोक पाडून ठेवायचं. मग काप कसाही पडो, भोक दिसेल ती डावी बाजू.

"डाव्या बाजूला," पणजोबा म्हणाला आणि डावरीची सुई हवेतच थांबली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे वर गेले होते, ओठ हलत होते, मनात उलटापालट चालली होती.

"बरं, असं कर," तो म्हणाला. "उंदराचं नाक भिंतीकडे ठेव. आणि भोक फ्रिजकडच्या बाजूला पाड."

तिच्या टेबलाच्या एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी, आणि दाराशेजारी औषधांचा फ्रिज उभा होता. फ्रिज कुठे आहे हे कळायला पीएचडी लागत नाही. डावरीला हायसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला तिच्या भाषेत दिशा सांगितली होती. "नाक भिंतीकडे, भोक फ्रिजकडे," हे ती जपासारखं म्हणायला लागली, आणि त्यानंतर डावी बाजू कुठली असा प्रश्न तिला कामावर पडला नाही.

वर्षं गेली. उंदीर वाट शिकले, पेशी चमकल्या, मोजून झाल्या. आणि निकाल लागला तो असा, की डावी आणि उजवी यांच्यात काडीचाही फरक नाही. मॅडम आधी थांबल्या, मग "इंटरेस्टिंग" म्हणाल्या, आणखी उंदीर झाले, तरी फरक नाही. शेवटी मॅडमनीच हार मानली. "फरक नाही, हाही निकालच आहे," त्या म्हणाल्या. "लिहून टाक."

डावरीला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर ती आतून सुखावली. डावं-उजवं असं काही नसतं, हे ती लहानपणापासून म्हणत आली होती, आणि आता विज्ञानही तेच म्हणत होतं. प्रबंध झरझर लिहून झाला. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. ही परीक्षा सगळ्यांसमोर होते, कोणीही येऊन मागे बसावं, म्हणून आई-बाबांनी तिकिटं काढली. बाबांनी नवा शर्टही घेतला. फोनवर ते म्हणाले, "म्हणजे फरक नाही हे शोधायला एवढी वर्षं लागली?" पण आवाजात कौतुक लपत नव्हतं.

परीक्षेनंतर छापायच्या पक्क्या प्रतीत आभाराचं पान घालायचं राहिलं होतं. पणजोबाचे आभार कसे मानावेत याचा विचार करत ती एका दुपारी त्याच्या निरोप समारंभाच्या फोटोसमोर उभी राहिली. फोटोत पणजोबा केक कापत होता. मागे तिचं टेबल होतं, टेबलाशेजारी दार होतं, आणि दाराला खेटून फ्रिज उभा होता.

तिने मागे वळून पाहिलं. फ्रिज खिडकीपाशी होता.

तिने पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा फ्रिज पाहिला. मग तिला आठवलं. ती एका परिषदेला गेली असताना वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता आणि दाराजवळची भिंत गळायला लागली होती. देखभालवाल्यांनी फ्रिज उचलून खिडकीकडे नेला. भिंत दुरुस्त झाली, फ्रिज मात्र तिथेच राहिला, कारण सरकारी विद्यापीठात एकदा हललेली वस्तू परत हलवायला वेगळा अर्ज लागतो. परत आल्यावर डावरीला फ्रिज नव्या जागी दिसला होता. हात पुरतो, बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं होतं. आणि त्या दिवसापासून ती उंदरांचं नाक भिंतीकडे ठेवून भोक खिडकीकडे पाडत होती.

ती मट्‌कन खुर्चीत बसली. मग तिने आकड्यांचे दोन ढीग केले, फ्रिज हलण्याआधीचे उंदीर एकीकडे आणि नंतरचे दुसरीकडे. आधीच्या उंदरांत डावी बाजू ठळक जास्त चमकत होती. नंतरच्यांत उजवी, अगदी तेवढीच. दोन्ही ढीग एकत्र केले की एकमेकांना खाऊन शून्य होत होते. फरक होता, चांगला मोठा होता. पहिल्या वर्षापासून तो तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिने तो स्वतःच्या हाताने, रोज निष्ठेने, पुसून टाकला होता.

पणजोबाला बोलावून तिने हे दाखवलं. त्याने आधी फोटो पाहिला, मग फ्रिज. "मीच सांगितलं होतं गं तुला," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की तिलाच त्याची समजूत घालावी लागली. मग त्याने आवाज खाली आणला. "प्रबंध मंजूर झालाय. तारीख ठरलीय. फोटो मी काढून ठेवतो. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळणार नव्हतं, हे खरं होतं. आणि मोह झाला नाही असं कोणी म्हणेल तर ते खोटं. घरी नवा शर्ट इस्त्री होऊन ठेवला होता. बाबांना काय सांगायचं? डावं-उजवं कळलं नाही म्हणून पदवी राहिली? ज्या एका वाक्यासाठी ते आयुष्यभर टपून बसले होते, ते त्यांना आयतं ताटात वाढायचं? दोन दिवस ती जेवली तरी चव लागली नाही. पण उंदरांची तिला खरंच लाज वाटत होती. बिचारे वाट बरोबर शिकले होते, मेंदूने चोख काम केलं होतं, आणि आता त्यांच्या नावावर 'काही फरक नाही' असं छापून यायचं होतं. तिसऱ्या दिवशी ती मॅडमच्या दारात उभी राहिली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "इंटरेस्टिंग," त्या पटकन म्हणाल्या आणि डावरीच्या जिवात जीव आला. मग त्या थांबल्या आणि तो पुन्हा गेला.

"मॅडम, अर्ध्या उंदरांची डावी-उजवी बदलली की निकाल लागतो," ती म्हणाली.

"लागतो गं. पण उत्तर बघून झाल्यावर प्रश्न बदलता येत नाही. बाहेरचे परीक्षक म्हणतील, फ्रिजचं निमित्त केलं. नवे उंदीर घ्यायचे. सुई पणजोबा धरेल, तू फक्त मोजायचं, आणि भोक कुठे पाडलंय ते त्याने तुला सांगायचं नाही."

"आणि परीक्षा?"

"पुढे गेली समज. एखादं वर्ष."

तिकिटं परत होणारी नव्हती, त्यामुळे परीक्षा नसली तरी आई-बाबा आले. पणजोबाने आपली जुनी गाडी स्टेशनवर आणून दिली आणि चालवायला अर्थातच बाबा बसले. शिकवायचं नसेल तर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग त्यांना बघवत नसे. डावरी शेजारी, मोबाइलवर नकाशा उघडून. आई मागे. परीक्षा पुढे गेली एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. आता सांगू, मग सांगू असं चाललं होतं.

"बाबा, पुढे डावीकडे," ती मनातली उलटापालट उरकून म्हणाली.

बाबांनी ठामपणे गाडी एका बाजूला घातली. नकाशावरचा बाण गिरकी खाऊन मागे बघू लागला.

"चुकलं माझं," ती सवयीने म्हणाली. "आता उजवीकडे घ्या."

बाबांनी तितक्याच ठामपणे गाडी वळवली. बाण पुन्हा फिरला. आता मात्र डावरीने डोळे बारीक केले. तिने मुद्दाम नकाशावर लिहिलेला शब्द वाचून, जसाच्या तसा, पुढचं वळण सांगितलं. बाबा उलटे वळले. त्याच्या पुढचं सांगितलं. बाबा उलटे वळले. ती स्वतः निम्म्या वेळा चुकायची. बाबा एकदाही बरोबर येत नव्हते. इतका सातत्याचा निकाल तिला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता.

"आई," ती हळूच म्हणाली.

"त्यांना नाही कळत गं," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतेय. 'माझ्याकडे वळव, तुझ्याकडे वळव' म्हणत अख्खं गाव शिकवलं ह्यांनी. पोरं परीक्षेला जायची, तर शेजारी बसलेला साहेब म्हणायचा, डावीकडे घ्या. पोरांनी तो शब्द गाडीत कधी ऐकलेलाच नसायचा, गडबडून जायची. दुसऱ्या परीक्षेच्या आधी घरी येऊन माझ्याकडून शिकून जायची."

बाबांनी बाजूला घेऊन गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, शिस्तीत.

"शाळेत मीही तू लिहितेस त्याच हाताने लिहायचो," ते समोर बघत म्हणाले. "मास्तरांनी पट्ट्या मारून हात बदलायला लावला. हात बदलला, डोक्यातलं तसंच राहिलं. कोणाला सांगू? गाडी शिकवणारा माणूस मी."

मग डावरीने त्यांना फ्रिजची सगळी गोष्ट सांगितली. ते हसतील, ओरडतील, ते वाक्य म्हणतील, अशी तिची तयारी होती. "म्हणजे माझंच आलं तुझ्यात," बाबा म्हणाले. "आणि मी उगाच तुला बोलत राहिलो." त्यांचे डोळे भरून आले होते. डावरीला इतकं बरं वाटलं, की वाया जाणाऱ्या वर्षाचं दुःख त्या क्षणापुरतं ती विसरली. पुढची वाट आईने नकाशा हातात घेऊन दाखवली, 'ह्यांच्याकडे', 'पोरीकडे' असं म्हणत, आणि गाडी बिनचूक डावरीच्या खोलीवर पोचली.

नवे उंदीर आले, वाट शिकले. सुई पणजोबाने धरली, डावरीने डोळे फुटेस्तोवर पेशी मोजल्या, आणि सगळं संपल्यावर मॅडमनी भोकांचं गुपित उघडलं. डावी बाजू. प्रत्येक उंदरात डावी बाजूच जास्त राबत होती. पणजोबाला इतका आनंद झाला, की त्या भरात त्याने आपलं शेवटचं प्रकरण लिहून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी नवा शर्ट एक वर्ष जुना होऊन शेवटच्या रांगेत बसला होता. डावरी छान बोलली. फ्रिजची गोष्टही तिने लपवली नाही आणि सभागृह हसलं. मग तिने चक्रव्यूहातल्या उंदराची फिल्म दाखवली. उंदीर धावत आला, वळला आणि पडद्यावर तिथेच थबकला. बाहेरगावचे एक परीक्षक, बारीक चष्म्याचे, पुढे वाकले.

"एक साधा प्रश्न. हा उंदीर इथे डावीकडे वळला की उजवीकडे?"

सभागृह पुन्हा हसलं, पण परीक्षक हसत नव्हते. पडद्यावर ना भोक होतं, ना फ्रिज. डावरीचे डोळे वर गेले. उत्तर आलं, तिने ते उलटं केलं, परत उलटं केलं, आणि मग आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळ्या वर्षांचं काम आता एका वळणावर येऊन अडकलं होतं.

तिची नजर शेवटच्या रांगेत गेली. बाबा पुढे सरकून बसले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पूर्ण खात्रीने, ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हणाले, "उजवीकडे."

डावरीचा जीव भांड्यात पडला.

"डावीकडे," ती म्हणाली.

"बरोबर," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

अर्ध्या तासाने ती डॉक्टर होऊन बाहेर आली. मॅडमनी मिठी मारली, पणजोबाने केक आणला होता, तो या वेळी दोघांसाठी होता. बाबा गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी तिला जरा बाजूला घेतलं.

"अडकली होतीस ना? मी सांगितलं म्हणून निभावलं."

"हो बाबा," डावरी म्हणाली. "तुम्ही नसता तर जमलंच नसतं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बाबांची छाती फुगली. "चला," ते म्हणाले, "जिना डावीकडे आहे." आई काही न बोलता उजवीकडे चालू लागली आणि ती दोघं तिच्या मागून निघाली.